सूत्रे पाठ आहेत, मग उदाहरण का चुकते?

दहावीची परीक्षा जवळ आली की पालकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ‘भौतिकशास्त्राची सर्व सूत्रे एकाच पानावर’ अशा मथळ्याचे कागद फिरू लागतात. विज्ञान शिकवणारी शिक्षिका म्हणून या कागदांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. असे पान हातात घेऊन तीच ती सूत्रे वरून खाली वाचत राहणे हा उजळणीचा सर्वांत कमी उपयोगाचा प्रकार आहे, आणि मेहनती मुलांचे त्यात अधिक नुकसान होते, कारण अभ्यास झाल्याचे समाधान त्यांना पुरेपूर मिळते आणि पुढे काही करण्याची गरजच वाटेनाशी होते.

पाठांतराला माझा विरोध नाही. सूत्र तोंडपाठ असलेच पाहिजे. उदाहरणात सूत्र लिहिणे, किमती घालणे आणि एककासह उत्तर काढणे या पायऱ्यांना गुण असतात, त्यामुळे सूत्रच आठवले नाही तर पुढचे सगळे अडते. मात्र उत्तरपत्रिका तपासताना वारंवार दिसते ते असे, की सूत्र अगदी बरोबर लिहिलेले असते आणि त्याच्या खालच्याच ओळीपासून उदाहरण चुकत जाते. सूत्रातले अक्षर कोणत्या राशीसाठी आहे, तिची किंमत धन घ्यायची की ऋण, ती कोणत्या एककात हवी आणि मुळात हे सूत्र या प्रसंगाला लागू पडते का, या गोष्टींवर मुले अडखळतात. आणि एका पानाच्या यादीत जागा वाचवण्यासाठी नेमक्या याच गोष्टी गाळलेल्या असतात.

विद्युत शक्तीची सूत्रे घ्या. शक्ती म्हणजे विभवांतराचा (व्होल्टेजचा) वर्ग भागिले रोध, आणि शक्ती म्हणजे विद्युतधारेचा वर्ग गुणिले रोध, ही दोन्ही सूत्रे मुलांना पाठ असतात. आता त्यांना विचारा, की रोध वाढला तर शक्ती वाढेल की कमी होईल? पहिले सूत्र पाहणारा ‘कमी’ म्हणतो, दुसरे पाहणारा ‘जास्त’ म्हणतो, आणि दोन्ही शेजारी लिहिणारा गोंधळून गप्प बसतो. उत्तर जोडणीत आहे. समांतर जोडणीत, म्हणजे प्रत्येक दिवा त्याच दोन टोकांना जोडलेला असताना, विभवांतर समान असते, म्हणून तिथे पहिले सूत्र वापरून तुलना करायची. एकसर जोडणीत, म्हणजे दिवे एकामागोमाग एक जोडलेले असताना, विद्युतधारा समान असते, म्हणून तिथे दुसरे. २२० व्होल्टला ४० वॅट आणि १०० वॅट असे छाप असलेले तारेचे दोन दिवे घेतले, तर ४० वॅटच्या दिव्याचा रोध १२१० ओहम आणि १०० वॅटच्या दिव्याचा ४८४ ओहम येतो. हेच दिवे एकसर जोडणीत २२० व्होल्टवर लावले आणि रोध बदलत नाही असे धरले, तर ४० वॅटच्या दिव्याला सुमारे २० वॅट आणि १०० वॅटच्या दिव्याला सुमारे ८ वॅट शक्ती मिळते, म्हणजे लहान आकड्याचा दिवा अधिक प्रखर उजळतो. हे एक उदाहरण स्वतःच्या हाताने एकदा सोडवले, की दोन्ही सूत्रे आणि त्यांच्या अटी एकत्रच लक्षात राहतात.

भिंगाच्या सूत्राची तऱ्हा निराळी. नववीत आरशाचे सूत्र येते, त्यात प्रतिमेच्या आणि वस्तूच्या अंतरांच्या व्यस्तांची (एक भागिले अंतर) बेरीज असते. दहावीत भिंगाचे सूत्र येते, त्यात वजाबाकी असते. परीक्षेच्या ताणात ‘अधिक कुठे आणि वजा कुठे’ हे हमखास उलटते. यावर अनेक जण यमके आणि खुणा शिकवतात. मला त्यापेक्षा आकृतीवर भरवसा ठेवावासा वाटतो. बहिर्वक्र भिंगापासून नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर वस्तू ठेवली, की दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर, वस्तूएवढीच वास्तव प्रतिमा मिळते, ही आकृती प्रत्येकाने काढलेली असते. कार्टेशियन चिन्ह संकेतानुसार वस्तूचे अंतर ऋण आणि प्रतिमेचे अंतर धन घेऊन या किमती सूत्रात घालून पाहा. वजाबाकी केली तर नाभीय अंतराचा व्यस्त बरोबर मिळतो, बेरीज केली तर शून्य येते. अर्ध्या मिनिटाच्या या पडताळ्याने शंका फिटते, आणि तो परीक्षेच्या खोलीतही पेपराच्या कोपऱ्यात करता येतो. भिंगाच्या शक्तीचे सूत्र त्याहून सोपे असूनही तिथे गुण जातात ते केवळ नाभीय अंतर मीटरमध्ये न घेतल्यामुळे. २० सेंटिमीटर नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगाची शक्ती ५ डायॉप्टर (भिंगाच्या शक्तीचे एकक) येते, २० भागाकारात तसेच ठेवले तर ०.०५ येते.

प्रकरणवार याद्यांचा आणखी एक तोटा आहे. मुक्तिवेग, म्हणजे ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणातून सुटण्यासाठी लागणारा वेग, दहावीच्या पुस्तकात गुरुत्वाकर्षणाच्या पहिल्याच प्रकरणात शिकवला जातो आणि उपग्रहाचा क्रांतिक वेग, म्हणजे कक्षेत फिरत राहण्यासाठी लागणारा वेग, अवकाश मोहिमांच्या शेवटच्या प्रकरणात येतो, त्यामुळे ही दोन सूत्रे मुलांनी कधी शेजारीशेजारी पाहिलेलीच नसतात. खरे तर पहिले गतिज ऊर्जा आणि स्थितिज ऊर्जा यांच्या हिशेबातून निघते, दुसरे गुरुत्वीय बल हेच अभिकेंद्री बल आहे या एका वाक्यातून. दोन्हींची मांडणी पाच-सहा ओळींची आहे. पृथ्वीसाठी मुक्तिवेग सेकंदाला सुमारे ११.२ किलोमीटर आणि पृष्ठभागालगतच्या कक्षेतला वेग सुमारे ७.९ किलोमीटर, म्हणजे फरक फक्त दोनाच्या वर्गमुळाच्या पटीचा, हे ज्याने स्वतः काढून पाहिले त्याला त्यातले ‘दोन’ कोणत्या सूत्रात असते हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

म्हणून माझ्या वर्गातल्या मुलांना मी यादी वाचायला देत नाही, ती बनवायला सांगते, आणि तीही पुस्तक मिटून. कोऱ्या कागदावर आठवतील ती सूत्रे लिहायची, प्रत्येक अक्षराचा अर्थ आणि एकक लिहायचे, मग पुस्तक उघडून राहिलेले वेगळ्या रंगाच्या पेनाने भरायचे. दोन-तीन दिवसांनी पुन्हा कोरा कागद घ्यायचा. पहिल्या वेळी रंगीत शाई इतकी दिसते की मुले हिरमुसतात, आणि नेमक्या त्याच वेळी घरच्यांनी ‘तुझे काहीच पाठ नाही’ असे म्हणू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अभ्यास कुठे करायचा ते दाखवणारा तो कागद आहे.

इंग्लंडमध्ये जीसीएसई या साधारण सोळाव्या वर्षी होणाऱ्या शालेय परीक्षेत २०२२ पासून भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सूत्रांचा तक्ता प्रश्नपत्रिकेसोबत दिला जातो. आपल्या मंडळानेही असा विचार करावा असे मला मनापासून वाटते. तक्ता समोर असला तरी वर सांगितलेली दिव्यांची तुलना कोणाला आपोआप जमणार नाही. उलट कोणत्या विद्यार्थ्याला सूत्र वापरता येते हे अधिक स्वच्छ दिसेल.

तोपर्यंत भौतिकशास्त्र न शिकलेल्या पालकांनाही मुलांची उजळणी घेता येते. वहीतले कोणतेही एक सूत्र दाखवावे आणि तीनच गोष्टी विचाराव्यात: यातले प्रत्येक अक्षर म्हणजे काय, ते कोणत्या एककात मोजतात, आणि हे सूत्र कधी वापरायचे नाही. तिसऱ्या प्रश्नावर मूल थांबले तर ओरडू नये. पाठ्यपुस्तकातले त्या सूत्रावरचे सोडवलेले उदाहरण उघडून, उत्तर हाताने झाकून, त्याला पहिल्या ओळीपासून सोडवायला बसवावे.