नमद्याच्या खोळीतला पियानो

आमच्या गाण्याच्या ग्रुपवर कुणीतरी जर्मन कलावंत योझेफ बॉइसच्या पियानोचा फोटो टाकला आणि लगेच सूर लागला, "वाद्याचा अपमान आहे हा!" खंडेनवमीला तंबोऱ्याला हळदकुंकू वाहणारी माणसं आपण, राग येणारच. पण हा राग चुकीच्या जागी निघतोय असं मला मनापासून वाटतं.

जुलै १९६६मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत बॉइसने हा ग्रँड पियानो लोकांपुढे आणला. वरून खालपर्यंत करड्या नमद्याची, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाची खोळ, दोन्ही अंगांना लाल क्रॉस. त्याने या कृतीला एक वाक्य जोडलं होतं: आजचा सर्वांत मोठा संगीतकार म्हणजे काँटरगनचं मूल. काँटरगन म्हणजे थॅलिडोमाइड. गरोदरपणात ते औषध घेतलेल्या आयांची हजारो मुलं अपुऱ्या हातापायांची जन्मली. १९६१च्या अखेरीस ते बाजारातून काढलं गेलं. आता पुन्हा बघा त्या पियानोकडे. आत सूर आहेत, बाहेर यायला वाट नाही.

आणि नमदाच का? पियानोच्या प्रत्येक हातोडीवर नमदाच असतो. तो तारेवर आपटतो म्हणून सूर गोल येतो, आणि तार गप्प करणाऱ्या पट्टीलाही नमदाच लावलेला असतो. वाद्याच्या पोटातली वस्तू बॉइसने वाद्यावर पांघरली. वाद्य कळल्याशिवाय हे सुचत नाही.

आर्मां या फ्रेंच कलावंताचं मात्र मला पटत नाही. त्याचे वडील जुन्या वस्तूंचे व्यापारी आणि हौशी चेलोवादक. या मुलाने १९६२मध्ये एक पियानो फोडून त्याचे तुकडे फळीवर चिकटवले, नाव दिलं 'शोपँचं वॉटर्लू', म्हणजे पियानोचा थोर संगीतकार शोपँ याचा दारुण पराभव. रचना देखणी आहे, नाकारत नाही. पण फुटलेल्या पट्ट्या पाहताना मला कारागिराचे कष्टच आठवतात.

ही दोन्ही कामं पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहेत. बॉइसच्या पियानोचा नमदा पुढे झिजला, तेव्हा त्याने नवी खोळ घातली आणि जुनी फेकली नाही. कातडी सोलून टांगावी तशी ती स्वतंत्र कलाकृती म्हणून ठेवली.

अपमानच शोधायचा तर हॉटेलांत शोधा, तंबोऱ्याचा भोपळा कापून त्यात बल्ब लावतात तिथे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तडकलेला भोपळा सांधून देणारे हात तिथे अजून आहेत. घरातला जुना तंबोरा शोभेला विकण्याआधी एकदा मिरजेला दाखवा.