१३ किलो ४०० ग्रॅम

आमच्या घरात दोन वजनकाटे आहेत. एक न्हाणीघराच्या दाराशी पडलेला असतो आणि दुसरा म्हणजे माझ्या आईचे दोन हात. नातीला पाटावर बसवून आंघोळ घालताना तिच्या दंडावरून बोटे फिरवून आई जो निकाल देते, त्यावर आमच्याकडे अपील नाही, आणि गेली तीन वर्षे तो निकाल एकच आहे: “पोर वाळली गं बाई! खाल्लेलं अंगाला म्हणून लागत नाही.” जन्मली तेव्हा मुलगी २ किलो ९०० ग्रॅमची होती आणि वर्षाची होईतो तिप्पट झाली, म्हणजे रीतीप्रमाणे सारे झाले, पण तिने धरलेले बाळसे आईच्या मते शेजारणीच्या नजरेने उतरले, आणि मीठ-मोहऱ्या ओवाळूनही ते परत आले नाही.

तिला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर आम्ही तिघे बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. निघण्यापूर्वी आईने नातीला मेतकूट-भात भरवला, तूप सढळ हाताने घातले आणि वर पेलाभर पाणी पाजले. काट्यावर उभे करताना मदतनीस बाईंनी चपला काढायला सांगितल्या, तेव्हा आईने त्या नाइलाजाने काढल्या. पायांतल्या चांदीच्या पैंजणांविषयी मात्र तिने चकार शब्द काढला नाही. एवढे करून आकडा आला १३ किलो ४०० ग्रॅम.

डॉक्टरांनी तक्ता पुढे ओढला. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या तक्त्यावर तीन वर्षांच्या मुलींची मधली रेघ १४ किलोच्या जराशी खाली असते, आणि आमचा ठिपका त्या रेघेच्या किंचित खाली पडला. “म्हणजे नापास,” आई म्हणाली. निरोगी मुलांपैकी निम्मी मुले त्या रेघेच्या खालीच असतात, तिला मधली म्हणतात ती त्याचसाठी, असे डॉक्टरांनी दोनदा समजावले. परदेशातल्या पोरांची मापे आपल्याला कशाला, अशी आईने शंका काढली, तर त्या अभ्यासात दिल्लीची मुलेही होती असे उत्तर आले. आईने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. “ती पराठ्यावर लोणी घेतात. मी कधीची सांगतेय, लोणी हवं!” आणि मग शेवटचे अस्त्र: “तक्त्याला काय कळतंय, डॉक्टर? आंघोळ मी घालते.”

एवढ्यात मला दुर्बुद्धी सुचली आणि मी शेजारच्या मोठ्या काट्यावर चढलो. ८६ किलो. माझी उंची १७० सेंटिमीटर आहे, तेव्हा मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागल्यावर आकडा ३० च्या घरात गेला, आणि भारतीयांच्या बाबतीत २५ पासूनच स्थूलता धरतात, असे डॉक्टर नको तितक्या स्पष्टपणे म्हणाले. आईला हे मुळीच पटले नाही. “ह्याची हाडं जड आहेत हो, लहानपणापासून. गालफडं बघा कशी बसलीयेत!” माझ्या गालांत बसण्यासारखे काही उरलेले नाही, हे आरशाला ठाऊक आहे, परंतु मी गप्प राहिलो, कारण त्या खोलीत माझ्या बाजूने बोलणारे तेवढे एकच माणूस होते.

डॉक्टर हसून म्हणाले की मूल चांगले लठ्ठ असले तरी आईवडिलांना ते बेताचेच वाटते, असे ठिकठिकाणच्या पाहण्यांत आढळले आहे. आई लगेच माझ्याकडे वळली. “ऐकलंस? डॉक्टरसुद्धा म्हणतात, तू बेताचाच आहेस.”

परतताना कोपऱ्यावरच्या वाण्याकडे तिने अर्धा किलो खारीक मागितली. कोणासाठी, असे मी विचारले तेव्हा “तुम्हा दोघांसाठी” असे उत्तर मिळाले. वाण्याने पुडा काट्यावर ठेवताच आईने पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, वाकून आकडा नीट वाचला आणि म्हणाली, “दहा ग्रॅम कमी आहेत. आणखी एक टाका.”