कळसूबाईच्या हिशेबानं कॉर्कस्क्रू

लास वेगासला मेहुण्याकडे आलाच आहात, तर एक दिवस काढून डेथ व्हॅली या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानातलं कॉर्कस्क्रू शिखर उरकून टाका. गाडीनं दोन-सव्वादोन तास. शिखराची उंची १,७६९ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम सव्वाशे मीटर जास्त. जाऊन-येऊन अकरा-बारा किलोमीटर चाल आणि हजारेक मीटर चढ. कळसूबाई तर तुम्ही कॉलेजात असतानाच केलंय. तेव्हापासून पोट सोडलं तर बदललंय काय?

महिना जुलैच घ्या. ट्रेक पावसाळ्यात करायचे ही आपली रीत. परदेशात आलो म्हणून सोडायची की काय? याच खोऱ्यात फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं आणि जगाचा अधिकृत उच्चांक आजही तोच आहे. २०२४चा जुलै तर उद्यानाच्या नोंदीतला सर्वांत तापलेला महिना. असा लौकिक सोडून नोव्हेंबर ते मार्चमध्ये जाणारी माणसं हळदीच्या दुधावर वाढलेली असतात.

उन्हाळ्यात सकाळी दहानंतर सखल भागात चालू नका, असं उद्यानाचे रक्षक, म्हणजे रेंजर, सांगतात. म्हणजे दहापर्यंत मेहुण्याच्या बायकोचे पोहे निवांत खाता येतील.

दिवसाला माणशी चार लिटर पाणी न्या, असंही सांगतात. चार लिटर म्हणजे चार किलो ओझं! गडावर टाकं असतंच की, कातळात खोदलेलं, गारेगार. इथं तसलं काही नाही, पण ते वर पोचल्यावर कळलेलं बरं, आधी कळून उगाच मन खट्टू होतं. आणि अंगाकडे बघा ना, घाम कुठाय? हवा इतकी कोरडी की घाम सुटल्या सुटल्या उडतो, कपाळावर नुसतं मीठ उरतं. दादर स्टेशनवर शर्ट पिळून काढणाऱ्या माणसाला वाटतं, घामच नाही तर पाणी कशाला? अगदी बरोबर.

पायात चपला चालतील. २०२४च्याच जुलैत इथल्या वाळूच्या टेकड्यांवर एका पर्यटकाच्या चपला गेल्या आणि तळवे पार भाजून निघाले. तापलेल्या विरळ हवेत हेलिकॉप्टरला खाली उतरता येईना, म्हणून त्याला आधी गाडीतून उंचावर, थंड जागी नेलं. थंड म्हणजे ४३ अंश. अकोल्याचा मे.

आता वाट. डेलाइट पास रस्त्याच्या कडेला गाडी लावायची, दगडगोट्यांचा उतार तुडवत कोरड्या ओढ्यात शिरायचं, ओढ्यानं डोंगराच्या कुशीत जायचं आणि मग ओढा सोडून सोंडेवर, म्हणजे डोंगराच्या उतरत्या धारेवर, चढायचं. कुठे सोडायचा? सह्याद्रीत अशा वेळी एखादे मामा गुरं हाकत येतात, काठीनं दाखवतात आणि वर ताकही देतात. इथं मामा येईपर्यंत थांबा. सावली मागू नका, झाड म्हणण्यासारखं झाड नाही. कंटाळा आला तर दगडांच्या लगोऱ्या रचा. रचू नका असं उद्यानवाले विनवतात, कारण मागून येणारा त्यांनाच खूण समजून भरकटतो. पण मागून येणाऱ्यांचा विचार आपण निदान टोलनाक्यावर तरी कधी केलाय?

सोंडेवर घसारा, म्हणजे सुटी घसरती खडी, आहे. दोन पावलं वर, एक खाली. माथ्याजवळ खडकाचे थर पिळवटलेले दिसतील, बाटलीचं बूच काढायच्या पिळदार कॉर्कस्क्रूसारखे, नाव त्यावरूनच पडलंय. तोवर तुम्हीही तसेच दिसायला लागाल.

माथा गाठलात? झकास. आता मोबाइलला रेंज शोधा (सापडणार नाही) आणि आल्या वाटेकडे वळूनही न बघता उतरायला लागा. चढताना कुठलीही सोंड धरा, ती वरच पोचवते. उतरताना त्याच सोंडा दहा दिशांना फुटतात आणि प्रत्येकीच्या बगलेला एक नाळ, म्हणजे अरुंद घळ, असते, वरून पाहिलं तर थेट गाडीपर्यंत गेलेली. तीच पकडा! अर्ध्यात ती एका कोरड्या धबधब्याच्या तोंडाशी आणून सोडेल. खाली तीन पुरुष खोल कातळ, वर आताच घसरत आलेला घसारा. इथं नवरा-बायकोनं वाट कुणी निवडली यावर चर्चा करावी. पाणी संपलेलं असल्यानं ती फार लांबत नाही.

गाडी मात्र सारखी समोर दिसत राहील. स्वच्छ कोरड्या हवेत ती पंधरा मिनिटांवर वाटते आणि तासाभरानंही पंधराच मिनिटांवर असते. पोचाल हळूहळू. मागच्या सीटवर, ओझं नको म्हणून ठेवून गेलेल्या बाटल्या असतीलच. पाण्याला एव्हाना आधण आलं असेल. चहा-साखर तेवढी घरून आठवणीनं न्या.