पासष्टीचं कार्ड आणि त्याआधीची पासष्ट वर्षं

"अमेरिकेत पासष्टी गाठली की मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यविमा, सगळ्यांना सारखंच मिळतं. तरीही काळे आणि गरीब म्हातारे जास्त आजारी पडतात, तर तो त्यांच्या राहणीचा आणि रक्ताचा दोष." हा युक्तिवाद तिकडच्या वादांत नेहमीचा आहे आणि आपल्याकडेही तो खरा मानून पुढे ढकलणारे बरेच आहेत. ऐकायला सरळ वाटतो, म्हणून त्यातला एकेक शब्द तपासायला हवा.

पहिला शब्द "पासष्टी". ती गाठतं कोण? 2021 मध्ये अमेरिकेतल्या मूळनिवासींचं जन्मावेळचं सरासरी आयुर्मान 65 च्या आसपास होतं, कृष्णवर्णीयांचं सुमारे 71 आणि गोऱ्यांचं 76 च्या वर. कोविडमुळे ते वर्ष फार वाईट गेलं हे खरं, पण ही दरी कोविडच्या कितीतरी आधीपासूनची आहे. पैशाचं गणितही तसंच. 2001 ते 2014 या काळातल्या नोंदींवरून सर्वांत श्रीमंत एक टक्का आणि सर्वांत गरीब एक टक्का पुरुषांच्या आयुर्मानात जवळजवळ 15 वर्षांचा फरक निघाला. म्हणजे मेडिकेअरचं कार्ड हातात पडण्याआधीच रांगेतून बरीच माणसं गेलेली असतात.

मग "सारखंच". रुग्णालयात भरती झाल्यावरचं संरक्षण विनाहप्ता मिळायला स्वतः किंवा जोडीदाराने साधारण दहा वर्षं कर भरून नोकरी केलेली असावी लागते. डॉक्टरच्या भेटींसाठी दरमहा हप्ता असतो, शिवाय बिलाचा पाचवा हिस्सा स्वतःचा, आणि सरकार थेट चालवतं त्या मूळ मेडिकेअरमध्ये या खर्चाला वरची मर्यादाच नाही. कवळी, कानाचं मशीन, रोजचा चष्मा, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची वर्षानुवर्षांची देखभाल, हे त्यात जवळजवळ नाहीच. म्हातारपणात नेमकं हेच तर लागतं! ज्याला परवडतं तो पूरक विमा घेतो, अगदी गरिबाला मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या वेगळ्या सरकारी योजनेचा, आधार मिळू शकतो, आणि मधला माणूस दात दुखत असताना पुढच्या महिन्याची वाट बघतो. मुलांकडे ग्रीन कार्डावर गेलेल्या मराठी आईवडिलांनाही हे ठाऊक आहे: सलग पाच वर्षं तिथे राहिल्याशिवाय त्यांना मेडिकेअर विकतसुद्धा घेता येत नाही.

मेडिकेअरने काहीच केलं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. उलट, त्याने केलेलं सर्वांत मोठं काम या वादात कुणी सांगतच नाही. 1966 मध्ये योजना सुरू होताना सरकारने अट घातली की जी रुग्णालयं वर्णभेद पाळतील त्यांना पैसे मिळणार नाहीत. काही महिन्यांत हजाराहून जास्त रुग्णालयांनी वेगळे वॉर्ड बंद केले. आज ऐंशीत असलेली दक्षिणेतली कृष्णवर्णीय आजी त्या वेळी विशीत होती. तिचं बाळपण, तिच्या आईची बाळंतपणं, सगळं त्याआधीचं. शिवाय 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने शेतमजूर आणि घरकामगारांना निवृत्तिवेतनातून वगळलं होतं. दक्षिणेत ही कामं प्रामुख्याने कृष्णवर्णीयच करत, आणि त्यांचा समावेश व्हायला 1950 चं दशक उजाडलं. हे ओझं कुणाची "राहणी" नव्हे. सततच्या ताणाने शरीर वयाआधी झिजतं, ही मांडणी सार्वजनिक आरोग्याच्या संशोधक आर्लीन जेरोनिमस यांनी 1992 मध्येच केली होती.

आता "रक्त". यात अंशतः तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या काही लोकांत एपीओएल1 या जनुकाची अशी रूपं आढळतात, ज्यांनी किडनीच्या विकाराचा धोका वाढतो. पण किडनीच्याच बाबतीत दुसरं काय चाललं होतं ते पाहा. रक्ततपासणीवरून किडनी किती काम करते हे काढण्याच्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला एका आकड्याने गुणत. 2009 च्या सूत्रात त्यामुळे उत्तर सुमारे 16 टक्क्यांनी वाढे. हे उत्तर जितकं कमी तितकी किडनी खराब, आणि किडनी प्रत्यारोपणाच्या यादीत वाट पाहण्याचा काळ धरायला ते 20 किंवा त्याखाली यावं लागतं. तितकीच खराब किडनी गोऱ्या माणसाला यादीत घेऊन जाई, आणि काळ्या माणसाला कागदावर बरी ठरवून बाहेर ठेवी.

2021 मध्ये तज्ज्ञांच्या समितीने वंश वगळलेलं सूत्र सुचवलं. 2023 मध्ये प्रत्यारोपण केंद्रांना यादीतल्या कृष्णवर्णीय रुग्णांचा वाट पाहण्याचा काळ तपासून दुरुस्त करणं बंधनकारक झालं आणि हजारोंना मागचे महिने, कुणाला वर्षं, हिशेबात परत मिळाली. त्याआधीच जे गेले, त्यांच्या घरच्यांना रक्ताचा दोष होता असं कोणत्या तोंडाने सांगायचं?