सर्व्हेला निघालात? मग एवढं ऐकून जा

संशोधनात बायकांचा डेटा कमी पडतो अशी हल्ली फार ओरड चाललीय, तुम्ही अजिबात मनावर घेऊ नका. बाई सॅम्पलमध्ये आली की डोक्याला ताप, हार्मोन्स वरखाली होतात, मध्येच दिवस राहतात, आलेख काही सरळ येत नाही. त्यापेक्षा पुरुष घ्या आणि निष्कर्षात "माणसांमध्ये असं आढळलं" लिहून मोकळे व्हा. १९७७ साली अमेरिकेत एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, मूल होऊ शकेल अशा बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेरच ठेवायला सांगितलं होतं, काय शांतता असेल तेव्हा! १९९३ मध्ये ते मागे घेतलं, आणि बघा, २०१३ ला झोल्पिडेम नावाच्या झोपेच्या गोळीचा बायकांचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायची वेळ आली, कारण रात्री घेतलेली गोळी सकाळी गाडी चालवतानाही त्यांच्या रक्तात उरत होती. तोवर गोळी बाजारात येऊन चांगली २० वर्षं झालेली. एवढी वर्षं सकाळी पेंगायच्या तर रात्री लवकर झोपायचं ना, मोबाइल ठेवून.

उंदीरही नरच घ्या. माद्यांचे आकडे फार हलतात म्हणे. (नंतर कोणीतरी मोजून बघितलं तर नरांचेही तेवढेच हलतात, पण हे तुमच्या गाइडला सांगू नका, रिटायरमेंट जवळ आलीय त्यांची.)

पुण्यात घरोघरी सर्व्हे करणार असाल तर मग सोपंच आहे. रविवारी सकाळी ११ ला जायचं, बेल वाजवायची आणि दार बाईने उघडलं तरी तिच्या खांद्यावरून आत बघत विचारायचं, "काका आहेत का?"

आमच्याकडे कोथरूडला असाच एक मुलगा आला होता, गळ्यात आयकार्ड, हातात टॅब. मी पोळ्या लाटत होते, डब्यांच्या, रोजच्या ६० होतात, दोन वर्षं झाली हे चालूय. हे सोफ्यावर पेपर घेऊन. कुटुंबप्रमुख कोण, हे. उत्पन्न किती, यांचं. मग "काकू काय करतात?" हा प्रश्न ह्यांना, मी सहा फुटांवर उभी. "ही? ही घरीच असते." मुलाने टिक केलं. मी आतून म्हटलं अहो डबे, तर हे म्हणाले ते काय, वेळ जातो तिचा.

तसं २०१९ च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत घरकामाचा वेळ मोजलाय, बायका दिवसाला २९९ मिनिटं आणि पुरुष ९७, तेही जे पुरुष घरकाम करतात फक्त त्यांची सरासरी, सोफ्यावर पेपर वाचणारे धरलेच नाहीयेत. असल्या भानगडीत तुम्ही पडू नका, मिनिटं कोण मोजत बसणार, बाईला विचारलं की ती सगळंच सांगत बसते आणि तुमची आणखी चाळीस घरं राहतात.

मुलाने पाणी मागितलं, मी पिठाचे हात धुऊन दिलं. तो "थँक्यू सर" म्हणून उठला, चपला घालता घालता पुन्हा किचनकडे वळला आणि हळूच म्हणाला, "काकू, डब्याचे महिन्याचे किती घेता?"