"३४ डिग्रीत काय होतंय?" म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

एप्रिल लागला की एक फॉरवर्ड फिरायला लागतो. यंदा तो मला एकाच दिवशी माहेरच्या ग्रुपवर पण आला आणि सासरच्या ग्रुपवर पण. मजकूर थोडक्यात असा: "अकोला-नागपूरला ४५ डिग्री, तरी लोक मजेत कामं करतात. मुंबई-कोकणात फक्त ३४ आणि नुसती रडारड. एसी कशाला, कूलर लावा आणि दारं-खिडक्या घट्ट बंद करा. घाम जितका जास्त तितकं अंग थंड. उन्हात गार पाणी पिऊ नका, अंगावर ओतू नका, नसा फुटतात. खिशात कांदा ठेवा, ऊन लागत नाही."

मी अकोल्याची, लग्न होऊन रत्नागिरीला आले त्याला १४ वर्षं झाली, त्यामुळे दोन्हीकडचे उन्हाळे अंगावर काढलेत. गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या बागेत जे झालं ते बघितल्यापासून हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिलं ते ३४ आणि ४५. माहेरी मे महिन्यात दुपारी टॉवेल दोरीवर टाकला की पंधरा-वीस मिनिटांत कडकडीत वाळायचा. इथे सकाळी टाकलेला टॉवेल संध्याकाळी हातात घेतला तरी दमट लागतो. अंगावरच्या घामाचं पण अगदी तसंच होतं, आणि घाम वाळला तरच अंग थंड होतं, सगळा खेळ एवढाच आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं तर तो जो आकडा दाखवतो त्याला वेट बल्ब म्हणतात, म्हणजे पाणी वाळून हवा जास्तीत जास्त किती थंड होऊ शकते तो आकडा. ४५ डिग्री आणि १५ टक्के आर्द्रता, ही अकोल्याची मेमधली दुपार धरली तर तो साधारण २४ येतो. ३४ डिग्री आणि ६० टक्के आर्द्रता, ही आमच्याकडची दुपार धरली तर साडेसत्तावीसच्या आसपास येतो. म्हणजे घामाला वाळायला इथे वाव कमी. अमेरिकेच्या हवामान खात्याचा हीट इंडेक्स आहे, अंगाला किती गरम वाटतं ते सांगणारा, त्यात ३४ आणि ६० टक्के घातलं की ४२ येतात आणि तेही सावलीत बसलेल्या माणसाला. आणि रात्री पारा थोडा खाली आला तरी आर्द्रता अजून वाढते, त्यामुळे झोपेतही अंग चिकचिकतच राहतं आणि दिवसभराचा ताण उतरतच नाही.

आपल्या हवामान खात्याला पण हे माहिती आहे. उष्णतेची लाट म्हणायला मैदानी भागात पारा निदान ४० ला जावा लागतो, किनाऱ्यावर ३७ ला (शिवाय नेहमीपेक्षा साडेचार डिग्री जास्त असावा लागतो). दोन्हीकडे एकच पट्टी लावायची असती तर वेगळे आकडे ठेवलेच नसते. आणि खारघर विसरलात का? १६ एप्रिल २०२३, महाराष्ट्र भूषणचा कार्यक्रम, उघडं मैदान, नवी मुंबईत ३८ च्या आसपास पारा, सरकारी आकड्याप्रमाणे १४ माणसं गेली. ४५ नव्हते तिथे.

आता "मजेत कामं करतात". हे वाचून तर मला माहेरच्या माणसांसाठी जास्त वाईट वाटलं. कोण मजेत करतं? बाबांचं दुकान मेमध्ये बाराला बंद व्हायचं ते थेट पाचला उघडायचं, रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, शेतातली कामं उजाडायच्या आत उरकायची, बाहेर पडायचंच झालं तर डोक्याला-कानाला दुपट्टा बांधून आणि घरून पाणी पिऊन. तिथे हवाच अंगापेक्षा गरम, ती उलटी अंगाला तापवते, आणि घाम आला कधी वाळला कधी कळतच नाही, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला काही होत नाहीये आणि आतून पाणी संपत जातं. विदर्भाचा उन्हाळा सोपा आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. तो वेगळा आहे, आणि तिथली माणसं त्याच्याशी जुळवून घेऊन जगतात, त्याला मजा म्हणू नका. अंगाला नव्या हवेची सवय व्हायला पण आठवडा ते दोन आठवडे लागतात. माझा भाऊ दर मेमध्ये इथे येतो, पहिले चार-पाच दिवस त्याला काही सुधरत नाही, तो काय नाजूक आहे का?

कूलरवर जरा जास्त बोलते कारण यात लोकांचे पैसे जातात. मी स्वतः पहिल्या उन्हाळ्यात हट्टाने कूलर घ्यायला लावला होता, कारण कूलरशिवाय उन्हाळा ही कल्पनाच मला नव्हती, वाळ्याच्या ताट्यांचा तो वास म्हणजे माझ्यासाठी सुट्टी. कूलर करतो काय, तर पाणी वाळवून हवा गार करतो. अकोल्यात ४५ ची हवा आत ओढून तो आरामात २८-२९ ची करून देतो, कारण तिथे खाली २४ पर्यंत जागा आहे. इथे ३४ ची हवा फार फार तर २९ ची होणार आणि तेवढी करताना तो खोलीत पाणी सोडत राहणार. पहिली दहा मिनिटं बरं वाटतं, मग गादी, उशी, अंग सगळं ओलसर. दोन आठवड्यांत कपाटातल्या कपड्यांना कुबट वास यायला लागला, सासूबाई काही बोलल्या नाहीत पण कूलर मीच बंद केला. आणि दारं-खिडक्या बंद ठेवून कूलर लावायचा हे तर अकोल्यात पण चुकीचं आहे! आमच्याकडे तो खिडकीत बाहेरच्या बाजूला असायचा आणि समोरचं दार उघडं असायचं, ओली हवा बाहेर जायला नको का?

किनाऱ्यावर साधा पंखा खरा कामाचा, कारण हवा अंगापेक्षा थंड असते आणि पंखा घाम वाळवतो. जागतिक आरोग्य संघटना पण हेच सांगते, ४० च्या खाली पंखा वापरा, त्याच्या वर नुसता पंखा अंग तापवतो. म्हणजे जो पंखा माहेरी दुपारी भट्टीसारखा वारा मारायचा तोच इथे आधार आहे. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, अंगावर सैल सुती कपडे, दुपारी ओल्या फडक्याने अंग पुसून पंख्याखाली बसणं, एवढं केलं तरी फरक पडतो. एसी परवडत असेल तर लाजायचं कारण नाही, तो हवेतलं पाणी काढतो आणि इथे तेच हवंय, २६-२७ वर ठेवून सोबत पंखा लावला तर बिल पण आटोक्यात राहतं.

"घाम जितका जास्त तितकं थंड" याचं उत्तर वर आलंच. टपटप गळून गेलेला घाम काही थंड करत नाही, तो फक्त अंगातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो. म्हणून नुसतं पाणी ढोसून पण भागत नाही. मीठ घातलेलं कोकम सरबत, ताक, पेज, तिकडे आंबील आणि पन्हं, हे आपल्याकडे आधीपासून आहेच. जास्त घाम गेला असेल तर ओआरएस, आणि पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने सपाट.

आणि आता नसा फुटतात वाला मुद्दा. गेल्या वर्षी आमच्या बागेत आंबे काढायला आलेला एक नेपाळी मुलगा, वीस-एकवीस वर्षांचा, दुपारी दीडला घळ (आंबे काढायची जाळी लावलेली काठी) हातात घेऊन उभा होता आणि एकदम काहीतरी असंबद्ध बडबडायला लागला, मग बसला तो उठेचना. पारा ३३ होता, मी नंतर मुद्दाम बघितलं. अंग नुसतं भाजत होतं आणि घामाने निथळत होता, त्यामुळे एकजण म्हणाला घाम येतोय म्हणजे ऊन लागलेलं नाही. मी विहिरीचं पाणी ओतायला घेतलं तर दुसऱ्याने हात धरला, "वहिनी, गार पाणी नको, नस फुटंल." हाच मेसेज वाचलेला त्याने. त्या वादात काही मिनिटं गेली. शेवटी ओतलं, बादल्यांवर बादल्या, पुठ्ठ्याने वारा घातला, १०८ ला फोन केला. वाचला तो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की पाणी ओतलं हेच बरोबर केलंत.

अंगमेहनत करणाऱ्याला उष्माघात झाला तर घाम चालू असू शकतो. अंग तापलंय आणि बोलणं-वागणं बिघडलंय, एवढं दिसलं की थांबायचं नाही, लगेच थंड करायला घ्यायचं. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया हॉस्पिटलात २०२४ च्या उन्हाळ्यात उष्माघाताच्या पेशंटना बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवत होते, उपचारच तो आहे. गार पाण्याने नसा फुटत असत्या तर डॉक्टरांनी असं केलं असतं का? फक्त शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. शुद्धीत असेल तर गार पाणी खुशाल प्यायला द्या.

कांदा खिशात ठेवून काहीही होत नाही. भाकरीबरोबर खा.

यंदा आम्ही काढणी उजाडताच सुरू करतो आणि साडेदहाला थांबवतो, उरलेली चारनंतर. मधल्या वेळात पेट्या भरायचं काम पडवीत पंख्याखाली चालतं, आणि व्यापाऱ्याला सांगून टाकलंय की गाडी दुपारी नको, संध्याकाळी पाठव.