टमरेल, अस्वल आणि पाटील

काल सकाळी कॅम्पग्राउंडात शेजारच्या साइटवर उतरलेल्या सत्तरीच्या गृहस्थांनी माझं टमरेल जप्त केलं. हो, तेच ते. निळं, प्लास्टिकचं, तुळशीबागेतून घेतलेलं. ह्यात एवढं हसण्यासारखं काय आहे मला कळत नाही, पण नवरा कालपासून हसतोय, बहिणीला सांगितलं तर ती बोलूच शकेना, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं.

थोडक्यात सांगते. नवरा रिटायर झाला, सेकंडहँड मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतली आणि "आख्खा उन्हाळा यलोस्टोनला" असं जाहीर करून टाकलं. मला विचारलं, पण गाडी घेतल्यावर. यलोस्टोन म्हणजे अमेरिकेतलं, १८७२ सालचं, जगातलं पहिलं नॅशनल पार्क, सुंदर आहे, गरम पाण्याचे फवारे आहेत, गवे आहेत, मला काही तक्रार नाही. पण इथल्या बाकी कॅम्पग्राउंडांवर ऐन हंगामात १४ दिवसांच्या वर राहता येत नाही, ही केवढी सुज्ञ सोय! आम्ही उतरलोय ते फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कात, म्हणजे मोटरहोमांच्या तळावर, कारण नळ, लाइट आणि ड्रेनेज अशी तिन्ही कनेक्शनं साइटवरच मिळणारी आख्ख्या पार्कात ही एकच जागा, आणि नेमकी इथे राहण्याला दिवसांची मर्यादाच नाही. हे वाचून नवऱ्याचा चेहरा उजळला आणि माझ्या पोटात गोळा आला.

नाव फिशिंग ब्रिज, पण त्या पुलावरून मासे पकडायला १९७३ पासून बंदी. तिथे ट्राउट अंडी घालतात म्हणून. लोक पुलावर जाऊन कठड्यावरून वाकून मासे बघतात आणि हात हलवत परत येतात. तंबूलाही बंदी, कापडी भिंतींचं काहीच चालत नाही, कारण हा ग्रिझली अस्वलांचा इलाका. इथल्या यलोस्टोन तलावाची उंची ७,७३३ फूट, म्हणजे महाबळेश्वर कुठल्या कुठे खाली राहिलं, रात्री जुलैतही स्वेटर घालून झोपायचं, आणि पाणी ९२-९३ डिग्रीलाच उकळत असल्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजायचं नाव घेत नाही. कुकर लावला की शिट्टी. शिट्टी झाली की शेजारचे गृहस्थ बाहेर. पण त्यांच्याकडे येतेच.

आधी टाक्यांचं सांगायला हवं, त्याशिवाय टमरेलाचं महत्त्व कळणार नाही. गाडीच्या पोटात दोन टाक्या, एक ग्रे म्हणजे मोरीचं पाणी, एक ब्लॅक म्हणजे काय ते समजून घ्या. ड्रेनेजचा पाइप कायम जोडलेला असला तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा नसतो, कारण मग पाणी वाहून जातं आणि बाकीचं आत बसतं, थरावर थर चढतात, त्याचा डोंगर होतो आणि तो डोंगर फोडायला लोक काय काय उपाय करतात ते मी जेवायच्या आधी वाचलं हे दुर्दैव. म्हणून टाकी भरत आली की आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे, म्हणजे मोरीच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. टाकी किती भरली हे दाखवणारे चार दिवे आहेत. त्यातले तीन कायम लागलेले असतात, टाकी आत्ता रिकामी करून आलं तरी. आणि वासावरून काही कळावं तर तेही नाही, कारण इथून थोड्याच मैलांवर मड व्होल्कॅनो आहे, तिथे जमिनीतून चिखल उकळतो आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. आपल्या इथे वास आला की आमचा आधी वाद, हा निसर्ग की आपण? नवरा दर वेळी निसर्ग म्हणतो.

तर ह्या टाकीत कागद जितका कमी तितकं बरं. मोटरहोमवाले लोक लगेच विरघळणारा खास पातळ महागडा कागद आणतात आणि त्याच्यावर तासन्‌तास चर्चा करतात. आम्हाला तो प्रश्नच नाही, आम्ही टमरेलवाले. ह्या एका बाबतीत अख्ख्या कॅम्पग्राउंडात आम्ही सगळ्यांच्या पुढे आहोत आणि हे कुणाला अभिमानाने सांगताही येत नाही.

बाथरूम एवढंसं की आत काही वाळत नाही. म्हणून मी काल टमरेल डेटॉलने घासून, बाहेर पिकनिक टेबलावर उन्हात पालथं घातलं आणि शेजारी खुर्ची टाकून चहा पीत बसले.

आणि पाटील आले.

पाटील हे मी ठेवलेलं नाव. कुणी नेमलेलं नाही, पगार नाही, पण आळीची सगळी जबाबदारी ह्यांच्याकडे. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा माणूस मी पुष्कळ पाहिलाय, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होतेच, पण हे त्या भाकऱ्यांना तूप पण लावतात. लाँड्रीला कपडे घेऊन जातानासुद्धा कमरेला अस्वल पळवायचा स्प्रे. त्यांची गाडी आमच्या दुप्पट, चार बाजूंनी खोल्या बाहेर येतात, दुपारी तीननंतर आमच्याकडे ऊन येत नाही ते त्यांच्या दिवाणखान्यामुळे.

"मॅम," टोपीला हात लावून म्हणाले, "दॅट्स अ फूड कंटेनर."

म्हटलं, नाही.

"मग पाणी प्यायचं?"

म्हटलं, अजिबात नाही.

"स्वयंपाकाचं? पीठबीठ मोजायचं?"

म्हटलं, नाही हो.

मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. नियमांचा. खिशात घेऊन फिरतात. खाली अधोरेखित केलेलं. बाहेर सोडून जायचं नाही अशा वस्तूंची यादी वाचायला लागले, अन्न, कचरा, कूलर, शेगडी, धुतलेली असली तरी, ताटंवाट्या, कुत्र्याचं भांडं, बादल्या, घंघाळं, आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून, "टॉयलेटरीज?"

इथे मी गप्प झाले. काय सांगणार? एकीकडे साठीची बाई, दुसरीकडे सत्तरीचा परका पुरुष, मध्ये टेबलावर उन्हात चमकणारं ते. मी खिडकीकडे बघितलं, आत नवरा उभा होता, त्याने सगळं ऐकलं आणि शांतपणे पडदा ओढून घेतला. पस्तीस वर्षांचा संसार!

"मी इथेच बसलेय ना," मी म्हटलं, "नियम सोडून जाण्याबद्दल आहे, मी कुठे सोडून गेलेय?"

"अस्वल ताशी ३५ मैल धावतं," पाटील म्हणाले. जसं काही मी त्याच्याशी टमरेलासाठी शर्यत लावणार आहे. "त्याला नाकाने सगळं कळतं. दोन मैलांवरून."

मला एकदम वाटलं, कळू दे. येऊन हुंगू दे एकदा. परत ह्या बाजूला फिरकणार नाही.

तेवढ्यात आत दूध उतू जायचा आवाज आला. मी धावले. पडद्याआड उभ्या असलेल्या माणसाला गॅस बंद करणं सुचलं नव्हतं. बाहेर आले तर टेबल मोकळं, आणि पाटील आपल्या दारातून अंगठा वर करून, "आय गॉट इट, डोंट वरी! आमच्याकडे सेफ आहे!"

बरं, ह्याच माणसाच्या अंगणात धुराडं लावलेली भट्टी आहे, त्यात पहाटेपासून ब्रिस्केट, म्हणजे बीफचा मोठा तुकडा, शिजतं, बारा बारा तास, वास पार तलावापर्यंत. त्यावर आम्ही बोललो तर, "आय अॅम अटेंडिंग इट." खुर्चीत घोरत असतात. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. पलीकडच्या साइटवर कुत्र्याचं भांडं रात्रंदिवस बाहेर असतं, त्यांना ह्यांनी कधी कागद वाचून दाखवल्याचं मी तरी पाहिलं नाही, त्यांच्याबरोबर बिअर पितात. आणि आम्ही आलो त्याच आठवड्यात मी लसणाची फोडणी घातली तर दार वाजवून सांगून गेले, वास वंडरफुल आहे पण अस्वलांनाही तसंच वाटेल. नवरा ह्यावर खो खो हसला. मला नाही हसू आलं. तेव्हापासून मी खिडक्या लावून फोडणी घालते आणि दर फोडणीला स्मोक अलार्म बोंबलतो, मग एकाने टॉवेल फिरवायचा आणि दुसऱ्याने डाळ ढवळायची. हे कुठे लिहिलंय नियमात? फोडणीचा वास वंडरफुल आणि ब्रिस्केटचा वास अमेरिकन, असं काही आहे का?

आणि मजा म्हणजे अस्वलांना वाईट सवयी लावल्या कुणी? इथल्याच हॉटेलांचा कचरा जंगलात ढिगाने टाकायचे, आणि अस्वलं ते खायला आली की संध्याकाळी बघायला टुरिस्ट. १९३० च्या दशकात तर त्यासाठी प्रेक्षकांना बसायला बाकांच्या रांगा होत्या, रेंजर भाषण द्यायचा, समोर ग्रिझली उष्टं खातायत. कचऱ्याचे शेवटचे ढीग १९७० च्या आसपास बंद झाले. रस्त्यावर गाड्यांच्या खिडक्यांतून बिस्किटं भरवायचे ते वेगळंच. आता नियम कडक आहेत ते चांगलंच आहे, माझा नियमांना विरोध नाही, चटावलेल्या अस्वलाला शेवटी गोळी घालावी लागते हे मलाही माहितीये. पण एवढ्या सगळ्या इतिहासाचं प्रायश्चित्त तुळशीबागेतल्या एका टमरेलाने का घ्यावं?

दिवसभर काय केलं ते विचारू नका. प्रवासात दुसरं टमरेल कोण ठेवतं! शेवटी ताकाचं पातेलं बळी गेलं. ते आता कायमचं तिकडेच गेलं, परत स्वयंपाकघरात येणार नाही.

आज संध्याकाळी दार वाजलं. पाटील आणि पाटलीणबाई, दोघंही. तिच्या हातात माझं टमरेल, वरून पेपर नॅपकिन झाकलेला. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे ह्या बाईला कुणी शिकवलं देव जाणे. आत काठोकाठ ओटमीलच्या कुकीज. अजून कोमट.

"काल जरा कडक बोललो," पाटील म्हणाले. मनापासून म्हणाले, ते कळत होतं, आणि तेच जास्त वाईट. माणूस नुसता आगाऊ असता तर बरं झालं असतं.

पाटलीणबाई प्रथमच बोलल्या. "व्हॉट अ वंडरफुल लिटल जग! कडी किती छान पकडता येते. सकाळी मी ह्यातच पॅनकेकचं पीठ फेटलं, एक थेंब सांडला नाही. कुठे मिळतं हे?"

मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा छताकडे बघत होता, खांदे हलत होते.

सांगावं? डेटॉलने घासलेलं होतं, स्वच्छ होतं, त्यांच्या ब्रिस्केटच्या पातेल्यापेक्षा नक्की स्वच्छ होतं. जिभेवर आलं होतं अगदी. मग पाटलांचा तो खिशातला कागद डोळ्यासमोर आला, आणि लसणाची फोडणी आठवली, आणि मी म्हटलं, "इंडियात. पुण्याला. मी तुमच्यासाठी आणीन एक."

"एक नको, दोन," त्या म्हणाल्या. "मुलीलाही देईन."

कुकीज नवऱ्याला दिल्या तर म्हणतो तूच खा, यजमानीण तू. शेवटी त्या झिपलॉकमध्ये घालून नीट आतल्या कपाटात ठेवल्यात, नियमाप्रमाणे. पण खरी पंचाईत पुढेच आहे. जाता जाता पाटलांनी उद्या सकाळी आठला पॅनकेक खायला बोलावलंय, भिजवलेलं पीठ बरंच उरलंय म्हणे, आणि मी तोंड उघडायच्या आत नवरा "विथ प्लेझर" म्हणून मोकळा झाला. आता रात्रीचे दहा वाजलेत, सिग्नलची एक काडी येतेय, आणि मी कालनिर्णय उघडून बसलेय. एकादशी, चतुर्थी, प्रदोष, काहीही चालेल.